जिद्दीचे ओझे एकट्या मुलीवर का?

मागच्या उन्हाळ्यात भाईंदर पूर्वेला एका मंडळाने स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुला-मुलींचा मेळावा घेतला. ‘जिद्द आणि प्रेरणा’ या विषयावर चार वक्ते होते. चौथी मी, आणि चौघांत बाई मी एकटीच. माझ्या आधीच्या तिघांचे सांगणे साधारण एकच होते : ध्येय मोठे ठेवा, मन खंबीर ठेवा, मोबाइल बाजूला ठेवा, पहाटे चारला उठा. ‘पहाटे चारला उठा’ हे तिसऱ्यांदा आले तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी तोंडाला ओढणी लावून हसली. कार्यक्रम संपल्यावर मी तिला हसण्याचे कारण विचारले. ती म्हणाली, “काकू, चारला मी रोजच उठते. आमच्याकडे पाणी त्याच वेळेला येतं. पाणी भरून, डबे करून सातला मोकळी होते, तेव्हा डोळे मिटायला लागलेले असतात. सर म्हणतात त्या चार वाजताचं मी काय करू?”

मला उत्तर देता आले नाही. मीसुद्धा नुकतीच ‘मुलींनो, न्यूनगंड टाकून द्या’ असे सांगून व्यासपीठावरून खाली उतरले होते.

मैत्रिणींनो, तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात घोळतो आहे. एमपीएससी-यूपीएससी करणाऱ्या मुलींचे अवसान मध्येच का गळते, असा प्रश्न आला की सगळे तिच्या मनात डोकावून बघतात. जिद्द कमी पडली, चिकाटी नव्हती, लक्ष विचलित झाले. माझे म्हणणे असे आहे की उत्तर तिच्या मनात शोधण्याआधी ते तिच्या घरातल्या घड्याळात शोधले पाहिजे. आणि ते घड्याळ बदलणे हे तिचे एकटीचे काम नाही, ते आपले, म्हणजे स्त्री-संघटनांचे काम आहे.

हे मी कशाच्या आधारावर म्हणते ते सांगते. आमच्या गटाची भाईंदर पूर्वेला एक खोली आहे, दहा बाय बाराची. मंगळवारी आणि शनिवारी तिथे सल्ला केंद्र चालते. सहा वर्षांपूर्वी आईच्या मारहाणीच्या तक्रारीसाठी एक मुलगी आईबरोबर आली. आई बोलत होती आणि मुलगी खोली न्याहाळत होती. निघताना तिने विचारले, “ताई, बाकीचे दिवस ही खोली बंदच असते का? मला किल्ली द्याल? मला वाचायला जागा नाही.” आम्ही किल्ली दिली. महिन्याभरात त्या खोलीत पाचजणी बसायला लागल्या, वर्षभरात अकराजणी. एकीची आई उत्तनची, बाजारात मासळी विकते. एकीचे वडील स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचे काम करतात. एक मीरा रोडला कापडाच्या दुकानात संध्याकाळपर्यंत काउंटरवर उभी असते आणि मग येते. एक तर सून आहे, तीन वर्षांच्या मुलाची आई. या मुलींना शिकवण्याइतकी माझी पात्रता नाही. मी नुसती त्यांच्याबरोबर बसते, त्यांच्यासाठी चहा करते आणि त्यांचे ऐकते.

एकदा आम्ही सगळ्यांना आपापला दिवस कागदावर लिहून काढायला सांगितले. उठल्यापासून झोपेपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाचा. एकीने आपल्या दिवसाशेजारी भावाचाही दिवस लिहिला, कारण तोही हीच परीक्षा देत होता. भाऊ पुण्याला सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होता, मेसचा डबा खात होता आणि त्याच्या कागदावर अभ्यासाचे दहा तास होते. हिच्या कागदावर चार, तेही तीन तुकड्यांत. घरात पैसे एकालाच पाठवण्यापुरते होते, आणि कोणाला पाठवायचे याची चर्चासुद्धा झाली नव्हती. दोघांचे निकाल लागले तेव्हा भाऊ पूर्वपरीक्षा पास झाला आणि ही तीन गुणांनी राहिली. घरी म्हणाले, “त्याच्यात जिद्द आहे.”

हे एका घराचे झाले. देशाचे आकडेही हेच सांगतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्या कामात दिवसाला २९९ मिनिटे जातात असे दिसले, पुरुषाची ९७. पुन्हा २०२४ मध्ये तीच पाहणी झाली, तेव्हा बाईची २८९ मिनिटे आणि पुरुषाची ८८. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाची नऊ. या वेगाने आपल्या मुलीला अभ्यासाचे दोन तास मिळायला किती पिढ्या लागतील, याचा हिशेब गणिताच्या पेपरची तयारी करणारी कोणतीही मुलगी करून देईल.

इथे एक गोष्ट मला नव्याने कळली, ती सांगितली पाहिजे. मुलगी अभ्यासाला बसली की तिचे काम नाहीसे होत नाही. ते आईवर जाऊन पडते. वडिलांवर नाही, भावावर नाही. एका आईने मला सरळ विचारले, “ती शिकते याचा मला आनंदच आहे हो, पण माझ्या गुडघ्यांचं काय?” आपण अशा आईला पटकन ‘विरोध करणारी’ म्हणून मोकळ्या होतो. रमाबाई रानड्यांच्या आठवणी आपल्यापैकी अनेकींनी वाचल्या असतील. न्यायमूर्ती त्यांना शिकवत होते आणि घरातल्या बायका टोमणे मारत होत्या. आपण त्या बायकांना खलनायिका ठरवतो. पण रमाबाई वाचायला बसल्या म्हणून कोणाला काम जास्त पडले, हे आपण कधी विचारले का? एका बाईची प्रेरणा दुसऱ्या बाईच्या गुडघ्यांवर उभी असेल तर ती फार दिवस टिकत नाही. घरातल्या पुरुषांनी भांडी घासल्याशिवाय हा हिशेब सुटत नाही.

घराबाहेर पडले की दुसरा प्रश्न, जायचे कुठे आणि कसे? सरकारी-निमसरकारी सोयी नाहीत असे नाही. मुंबईत राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था १९७६ पासून आहे, ठाण्यात महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था १९८७ पासून आहे. पण ठाणे आपल्या जिल्ह्याचे ठिकाण असले तरी भाईंदरहून तिथे सरळ लोकल जात नाही. दादरपर्यंत जाऊन उलटे यायचे, नाहीतर घोडबंदर रस्त्याच्या बसमध्ये ताटकळत बसायचे. मुंबईला जायचे तर विरारहून भरून आलेल्या गाडीत भाईंदरला आत शिरायचे. जाण्यायेण्यात तीन-चार तास गेल्यावर परतायला रात्र होते, आणि रात्र झाली की घरातली परवानगी संपते. मुलाला उशीर झाला तर त्याच्यासाठी जेवण झाकून ठेवतात. मुलीला उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी क्लास बंद होतो.

या मार्गावरचीच एक गोष्ट आठवून पाहा. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली अशी पहिली महिला विशेष लोकल सुरू झाली आणि पुढे ती विरारपर्यंत आली. त्याआधी नोकरी करणाऱ्या बायकांना ‘गर्दीत धीट व्हा’ असे सांगणारे पुष्कळ होते. बायका धीट होत्याच, म्हणून तर रोज लटकत जात होत्या. त्यांना हवी होती गाडी. ठाण्यातल्या संस्थेला ज्या चिंतामणरावांचे नाव आहे त्यांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख यांनीही हेच ओळखले होते. त्या अध्यक्ष असलेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ मध्ये, शिक्षण अर्धवट सुटलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रमाची योजना सुरू केली. ‘शिका’ असा नुसता उपदेश न करता कमी वेळात परीक्षेपर्यंत नेणारे वर्ग काढले. प्रेरणा म्हणतात ती अशा व्यवस्थेतून येते.

तिसरा प्रश्न लग्नाचा. अ‍ॅना राजम या १९५१ च्या तुकडीतल्या, भारतीय प्रशासकीय सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी. मुलाखत मंडळाने त्यांना ‘बायकांना शोभतील अशा’ दुसऱ्या सेवा सुचवल्या. त्या हटल्या नाहीत, तर नेमणुकीच्या आदेशात ‘लग्न केल्यास सेवा समाप्त’ अशी अट आली. याच बाई पुढे आपल्या न्हावाशेवा बंदराच्या अध्यक्ष झाल्या. परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मा लग्न आणि बढतीच्या अशाच भेदभाव करणाऱ्या नियमांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्या नियमांवर कडक ताशेरे ओढले. कागदावरच्या अटी गेल्या. महाराष्ट्रात १९९४ च्या महिला धोरणाने सरकारी नोकऱ्यांत तीस टक्के आरक्षण आले. खुल्या गटातल्या महिलांना त्यासाठी लागणारी नॉन क्रीमीलेयर दाखल्याची अटही २०२३ मध्ये निघाली. पण घरातली अट कुठे गेली? राज्यसेवेला खुल्या गटातला मुलगा अडतिसाव्या वर्षापर्यंत बसू शकतो, मुलगीही बसू शकते. प्रत्यक्षात मुलीला घरून मिळतात दोन प्रयत्न. “यंदा झालं तर ठीक, नाहीतर स्थळं बघायला लागू.”

म्हणून परीक्षा लांबली की त्याची किंमत मुलगा आणि मुलगी सारखी मोजत नाहीत. राज्यसेवेची २०२० ची पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० ला व्हायची होती. कोरोना, मग आरक्षणाचा पेच, असे करत ती वारंवार पुढे गेली. ११ मार्च २०२१ ला, परीक्षा तीन दिवसांवर असताना, ती आणखी एकदा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले तेव्हा पुण्यात मुले-मुली रस्त्यावर उतरली आणि शेवटी २१ मार्चला ती झाली. एक वर्ष गेले. त्या वर्षाने मुलांना फार मनस्ताप दिला हे खरेच. पण आमच्या खोलीतल्या दोघींना त्या वर्षाने नवरा दिला. एक बडोद्याला गेली, एक नालासोपाऱ्याला. दोघींचा अभ्यास तिथेच थांबला. त्यांची जिद्द संपली नव्हती, घरच्यांनी दिलेली मुदत संपली होती.

आता माझेच सांगते. १९९४ चे धोरण जाहीर झाले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, लग्नाला वर्ष झालेले. तीस टक्क्यांची बातमी वाचून मी फॉर्म भरला, जुनी पुस्तके जमवली. परीक्षेच्या आदल्या रात्री गावाहून सात पाहुणे आले. मला कोणी जाऊ नको म्हटले नाही. कोणी जा असेही म्हटले नाही. सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि डोळ्यांसमोर ते केंद्र, तो बाक, त्यावरचा माझा नंबर दिसत होता. पुढे कितीतरी वर्षे मी सांगत आले, “माझ्यातच जिद्द नव्हती.” हे वाक्य सोयीचे असते. त्यात कोणाला दोष जात नाही, फक्त आपल्याला जातो.

यूपीएससीच्या २०२२ च्या परीक्षेला ११,३५,६९७ जणांनी अर्ज केले आणि ५,७३,७३५ जण परीक्षेला बसले. जवळजवळ निम्मे बाक रिकामे. हा आकडा वाचला की मला तो माझा बाक आठवतो.

याच परीक्षेचा निकाल मे २०२३ मध्ये लागला तेव्हा देशात पहिल्या चारही मुली होत्या. आपल्या ठाण्याच्या कश्मिरा संखे पंचविसाव्या आल्या आणि राज्यात पहिल्या. आम्ही खोलीत पेढे वाटले. पण पेढे खाऊन झाल्यावर एकीने पूर्ण बातमी वाचली : एकूण निवड ९३३, त्यात पुरुष ६१३ आणि महिला ३२०. पहिल्या चारही मुली, आणि तरी तीनात एकच बाई. जिथवर पोचतात तिथे मुली कमी पडत नाहीत. त्यांची गळती आधीच होते, मोरीपाशी, फाटकापाशी, बोहल्यापाशी.

आणि हेही मुलींना स्पष्ट सांगितले पाहिजे की परीक्षेला बसलेल्या हजार जणांत दोघेही निवडले जात नाहीत. प्रेरणेची भाषणे देणारे हा हिशेब सांगत नाहीत. ‘मनात आणले तर काहीही अशक्य नाही’ असे ऐकून बसलेली मुलगी नापास झाली की तिला वाटते, आपण पुरेसे मनात आणले नाही. आणि घरच्यांना आयते निमित्त मिळते, “बघ, आम्ही सांगत नव्हतो?” म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी दुसरी वाट ठरवायला लावतो. लिपिक, तलाठी, पोलीस, बँक, परिचर्या, काहीही, पण स्वतःच्या पगाराची. कमाई हातात आली की मुदत घालणाऱ्याचा आवाज खाली येतो. काउंटरवर उभी राहणारी आमची मुलगी इतरांपेक्षा कमी वाचते, पण सगळ्यांत निर्धास्तपणे वाचते.

आमच्या गटात या सगळ्यावर वादही झाला. एक जुनी मैत्रीण म्हणाली, “आयुष्यभर आपण त्या खुर्चीविरुद्ध मोर्चे काढले. आता आपल्याच मुलींना त्या खुर्चीत बसवायला चहा करत बसायचं?” प्रश्न रास्त आहे. खुर्चीत बाई बसली म्हणून ती आपली होतेच असे नाही, हे आपण अनेक कचेऱ्यांत अनुभवले आहे. पण रेशनकार्डावर नाव लावायला गेलेल्या परित्यक्तेला ‘नवऱ्याला घेऊन या’ असे ऐकावे लागते, तेव्हा टेबलाच्या पलीकडे पाणी भरून, दोन वेळचा स्वयंपाक करून तिथवर पोचलेली बाई असेल, तर निदान आपले म्हणणे तिला पहिल्यापासून समजावून सांगावे लागणार नाही. मोर्चा काढणारी आणि मोर्चाचे निवेदन घेणारी, दोघी एकाच खोलीत शिकलेल्या असाव्यात, असे मला वाटते. त्या मैत्रिणीला हे अजून पुरते पटलेले नाही. पण ती बुधवारी येऊन मुलींना राज्यघटना शिकवते.

आम्ही काय करतो ते थोडक्यात सांगते, म्हणजे तुम्हाला त्यात भर घालता येईल. नवीन मुलगी आली की आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी जातो. आशीर्वाद मागायला नाही, तास मागायला. वडील आणि भाऊ घरी असतील अशी वेळ धरतो आणि रोजचे कोणते काम कोण करणार हे त्यांच्याच तोंडून वदवून घेतो. सगळीकडे जमत नाही. अकरा घरांपैकी चार घरांत भाऊ भांडी घासू लागले, दोन घरांत ते महिन्याभरात थांबले. संध्याकाळी परतताना मुली एकट्या निघत नाहीत, जोडीने निघतात. जुनी पुस्तके आणि परीक्षा फीसाठी एक डबा आहे, त्यात ज्या कमावतात त्या टाकतात. आणि आम्ही निकालानंतरचा सत्कार बंद केला आहे. वर्षातून एकदा सगळ्यांचे जेवण करतो, पास-नापास दोघींचे. त्या दिवशी स्वयंपाक घरचे पुरुष करतात.

पण आमच्या एका खोलीने आठ लाखांवर वस्तीच्या शहराला काय पुरणार? २०११ च्या जनगणनेतच मीरा-भाईंदर त्या आकड्यावर पोचले होते. प्रभागाप्रभागात अभ्यासिका हवी. तिथे मुलींसाठी स्वच्छ संडास हवा, रात्री नऊपर्यंत दार उघडे हवे, बाहेर दिवा हवा आणि लहान मुलाला ठेवायला एक कोपरा हवा. रस्ते आणि नळ मागतो तशीच ही मागणी निवेदनात घातली पाहिजे.

कोपऱ्याचे मी मुद्दाम लिहिले. तीन वर्षांच्या मुलाची आई असलेली आमची सून मागच्या श्रावणापासून येत नाही. आम्ही पाळीपाळीने मूल सांभाळू म्हटले होते, पण सांभाळायचे कबूल करून दोनदा आम्हीच मीटिंगला गेलो. तिसऱ्यांदा ती आलीच नाही. तिच्या घरच्यांना दोष देणे सोपे आहे, पण त्या दोन दिवसांची जबाबदारी आमची आहे. आता सोमवार-गुरुवारची माझी पाळी मी वहीत लिहून ठेवली आहे आणि ते सांगायला मी तिच्याकडे दोनदा जाऊन आले. ती “बघते” म्हणाली आहे. खोलीची एक किल्ली अजून तिच्याकडे आहे, आणि ती आम्ही मागणार नाही.

तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत मुली कुठे बसून अभ्यास करतात? त्या बसल्यावर त्यांचे काम कोण करते? पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.